मधुमेहींना वेळेवरचा इशारा

आषाढी एकादशीला महाराष्ट्रातील गावोगावी उपवास असतो. एकाच गावातील तीन मधुमेही तो उपवास करतात, असे समजू या. पहिल्याला केवळ मेटफॉर्मिनची गोळी चालू आहे. दुसरीला मेटफॉर्मिनबरोबर ग्लिमेपिराइड दिलेले आहे. तिसरा सकाळ-संध्याकाळ इन्सुलिन टोचून घेतो. उपवासामुळे पहिल्याची साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरण्याचा संभव फार कमी असतो. त्याला खरी भीती असते ती साबुदाण्याची खिचडी, रताळ्याचा गोड कीस आणि केळी यांनी साखर एकदम चढण्याची. दुसरीने गोळी नेहमीप्रमाणे घेतली आणि जेवण मात्र टाळले, तर दुपारपर्यंत तिला दरदरून घाम सुटून भोवळ येऊ शकते. तिसऱ्याने डॉक्टरांना न विचारता निर्जळी उपवास केला, तर तो बेशुद्धही पडू शकतो. आणि त्या भीतीने इन्सुलिन आपल्या मनाने बंद केले, तर साखर बेसुमार वाढून दुसरेच संकट ओढवते. ग्रामपंचायतीच्या फलकावर 'मधुमेहींनी उपवास जपून करावा' असे लिहिले, तर ते वाक्य तिघांनाही लागू पडते. परंतु तिघांपैकी एकालाही आपण नेमके काय करावे, हे त्यातून कळत नाही.

मधुमेहाच्या उपचारात ही अडचण पावलोपावली येते. सर्वसाधारण उपदेश पुष्कळ मिळतो. ज्याला त्याला लागू पडणारी सूचना, ज्या वेळी हवी त्या वेळी क्वचितच मिळते. रुग्णाची औषधे, त्याचे काम, त्याचे पूर्वीचे अहवाल आणि त्याचा दिनक्रम लक्षात घेऊन नेमक्या वेळी दिलेली अशी सूचना म्हणजे व्यक्तिगत आरोग्य-सूचना होय. मोबाईल फोन बहुतेक घरांत पोहोचल्यामुळे अशी सूचना देणे आता शक्य झाले आहे. तिचे प्रकार कोणते, तिचा उपयोग कितपत सिद्ध झाला आहे आणि ती गावपातळीवर परिणामकारक व्हावी म्हणून कोणती व्यवस्था हवी, हे आरोग्य कर्मचाऱ्यांइतकेच शिक्षकांनी आणि पंचायत सदस्यांनीही समजून घेणे आवश्यक आहे.

विकाराचा विस्तार

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या साहाय्याने झालेल्या 'इंडियाब' या देशव्यापी पाहणीचे निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. २००८ ते २०२० या काळात १ लाख १३ हजार प्रौढांची पाहणी करून काढलेल्या अनुमानानुसार, २०२१ मध्ये देशात सुमारे १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह होता आणि आणखी १३ कोटी ६० लाख लोक मधुमेहपूर्व अवस्थेत होते. शेजारच्या गोव्यात प्रौढांमधील मधुमेहाचे प्रमाण २६.४ टक्के, म्हणजे देशात सर्वाधिक आढळले.

हा विकार केवळ लठ्ठ आणि सुखवस्तू लोकांचा, ही समजूत महाराष्ट्रातच झालेल्या संशोधनाने खोटी ठरविली आहे. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांतील माता आणि त्यांची मुले यांचा दीर्घकाळ अभ्यास केला. दिसायला सडपातळ असलेल्या भारतीय शरीरात स्नायूंच्या मानाने चरबीचे प्रमाण अधिक असू शकते आणि ही ठेवण जन्मापासूनच आढळते, असे या अभ्यासातून पुढे आले. त्यामुळे 'वजन कमी करा' एवढा एकच संदेश सर्वांना पाठविला, तर सडपातळ शेतमजूर तो आपल्यासाठी नाहीच असे मानून सोडून देतो.

मधुमेहाचे आणखी एक वैशिष्ट्य लक्षात घेतले पाहिजे. बहुतेक आजारांत निर्णय डॉक्टर घेतात आणि रुग्ण तो पाळतो. मधुमेहात डॉक्टरांची भेट महिन्या-दोन महिन्यांतून एकदा होते, आणि मधल्या दिवसांत शेकडो लहान निर्णय रुग्णाला स्वतःच घ्यावे लागतात. भाकरी एक की दोन, आज जुलाब होत आहेत तर गोळी घ्यावी की नाही, भात-लावणीच्या दिवशी दुपारची न्याहारी चुकली तर काय करावे, पायाला लागलेला काटा किती गंभीर मानावा, असे प्रश्न रोजच्या रोज उभे राहतात. व्यक्तिगत सूचनेचे क्षेत्र म्हणजे दोन भेटींमधला हा काळ होय.

सूचनांचे तीन प्रकार

पहिला प्रकार दिनदर्शिकेवर आधारलेला असतो. औषध संपण्याची तारीख, पुढील भेटीचा दिवस आणि ठराविक काळाने करावयाच्या तपासण्या यांची आठवण त्यात करून दिली जाते. मागील दोन-तीन महिन्यांतील साखरेची सरासरी दाखविणारी 'एचबीए१सी' ही तपासणी साखर नियंत्रणात नसल्यास दर तीन महिन्यांनी आणि नियंत्रणात असल्यास सहा महिन्यांनी करावयाची असते. डोळ्यांच्या पडद्याची, लघवीतील प्रथिनांची आणि पायांच्या संवेदनेची तपासणी सामान्यतः वर्षातून एकदा आवश्यक असते. डोळा, मूत्रपिंड आणि पाय यांची हानी प्रारंभी दुखत नाही. दुखत नाही म्हणून माणूस जात नाही, आणि गेला तेव्हा उशीर झालेला असतो. गरोदरपणात मधुमेह आढळलेल्या स्त्रियांच्या बाबतीत तर असे हटकून घडते. प्रसूतीनंतर सुमारे सहा आठवड्यांनी त्यांची साखर पुन्हा तपासावयाची असते. परंतु त्या सुमारास घरातील सर्वांचे लक्ष बाळाकडे असते आणि आईची तपासणी राहून जाते. पुढे तिला कायमचा मधुमेह जडण्याचा धोका इतर स्त्रियांपेक्षा पुष्कळ अधिक असल्यामुळे या एका आठवणीचे मोल मोठे आहे.

दुसरा प्रकार रुग्णाच्या परिस्थितीवर आधारलेला असतो. त्यात औषध, व्यवसाय, ऋतू, सण आणि प्रवास यांचा विचार केलेला असतो. पायाची संवेदना कमी झालेल्या शेतकऱ्याला चिखलणीपूर्वी 'अनवाणी उतरू नका, संध्याकाळी पाय धुऊन बोटांच्या बेचक्या पाहा' ही सूचना हवी. त्याच रुग्णाला पायी वारीला निघण्यापूर्वी जुन्या, पायाला रुळलेल्या पादत्राणांची आठवण हवी. इन्सुलिन घेणाऱ्या विदर्भातील रुग्णाला एप्रिल-मे महिन्यांत औषध कोठे ठेवावे, हे सांगितले पाहिजे. न उघडलेली बाटली शीतकपाटात दोन ते आठ अंश सेल्सिअस तापमानात ठेवावयाची असते. मात्र बर्फाच्या कप्प्यात कधीही ठेवू नये, कारण एकदा गोठलेले इन्सुलिन निकामी होते. शीतकपाट नसलेल्या घरात, पाणी शिरणार नाही अशा पिशवीत बांधून ओल्या मातीच्या मडक्यात, सावलीत ठेवलेले इन्सुलिन उन्हाच्या झळांपासून बऱ्याच अंशी सुरक्षित राहते. ही माहिती ज्याला इन्सुलिन चालूच नाही त्याला पाठविण्यात काही अर्थ नाही. ज्याला चालू आहे त्याला ती पावसाळ्यात मिळूनही उपयोग नाही.

तिसरा प्रकार प्रत्यक्ष मोजमापावर आधारलेला, म्हणजे तत्काळ इशाऱ्याचा असतो. शरीरातील साखर ठरावीक मर्यादेखाली उतरली किंवा वर गेली की उपकरण स्वतः आवाज देते. याचा विचार पुढे स्वतंत्रपणे केला आहे.

अनुभवाची साक्ष

साध्या लघुसंदेशाने रोगाची गती बदलू शकते काय, असा प्रश्न साहजिकच उपस्थित होतो. या प्रश्नाचे एक चांगले उत्तर भारतातूनच मिळाले आहे. चेन्नई येथील डॉ. ए. रामचंद्रन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दक्षिण-पूर्व भारतातील, मधुमेहपूर्व अवस्थेत असलेल्या ३५ ते ५५ वयाच्या ५३७ पुरुषांवर केलेला अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. सर्वांना प्रारंभी आहार आणि व्यायाम यांविषयी सल्ला देण्यात आला. त्यानंतर निम्म्यांना दोन वर्षे वरचेवर मोबाईलवर संदेश पाठविण्यात आले. उरलेल्यांना पाठविण्यात आले नाहीत. सवय बदलण्याच्या कोणत्या टप्प्यावर माणूस आहे, हे पाहून संदेश निवडले जात. ज्याने चालण्याचा अजून विचारही केलेला नाही त्याला एक संदेश, आणि जो आठवडाभर चालून कंटाळला आहे त्याला दुसरा. दोन वर्षांनंतर संदेश न मिळालेल्यांपैकी २७ टक्के पुरुषांना मधुमेह जडला होता, तर संदेश मिळालेल्यांमध्ये हे प्रमाण १८ टक्के होते.

ज्यांना मधुमेह आधीच झालेला आहे त्यांच्याविषयीचा अनुभव न्यूझीलंडमधून मिळतो. तेथे साखर नियंत्रणात नसलेल्या ३६६ रुग्णांचा अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. निम्म्या रुग्णांना नेहमीच्या उपचारांबरोबर नऊ महिन्यांपर्यंत लघुसंदेश मिळाले. कोणत्या विषयावरचे संदेश हवेत, दिवसाच्या कोणत्या वेळी हवेत आणि किती काळ हवेत, हे रुग्णांनी ठरवावयाचे होते. तेथील मूळ रहिवासी माओरी आणि पॅसिफिक बेटांवरील लोक यांच्यासाठी त्यांच्या रीतीभातींना धरून निराळे संदेश तयार केलेले होते. नऊ महिन्यांनंतर संदेश मिळालेल्या गटाची तीन महिन्यांची सरासरी साखर दुसऱ्या गटाच्या तुलनेत अधिक उतरली. हा फरक 'एचबीए१सी'च्या मोजमापात सुमारे ०.४ इतका होता. तो फार मोठा नाही; परंतु कोणतेही नवे औषध न देता तो मिळाला, हे ध्यानात घेतले पाहिजे.

उपवासाच्या बाबतीत सेनेगल या आफ्रिकी देशाचे उदाहरण बोलके आहे. तेथे २०१४ मध्ये रमजान महिन्याचे निमित्त साधून मधुमेहींसाठी मोबाईल संदेशांची योजना सुरू झाली. रोजे सुरू होण्यापूर्वी, ते चालू असताना आणि संपल्यावर घ्यावयाची काळजी संदेशांतून सांगण्यात आली. लोकांच्या श्रद्धेला विरोध न करता, तिच्या दिनक्रमातच आरोग्याची सूचना बसविण्याचा हा मार्ग एकादशी, चातुर्मास, नवरात्र आणि रमजान पाळणाऱ्या महाराष्ट्रालाही उपयोगी पडण्यासारखा आहे. भारत सरकारनेही जागतिक आरोग्य संघटनेच्या सहकार्याने २०१६ मध्ये मोबाईलवरून मधुमेहविषयक संदेश देणारी योजना सुरू केली होती. एका क्रमांकावर मिस्ड कॉल दिला की नोंदणी होत असे.

प्राण वाचविणारा इशारा

रक्तातील साखर दर डेसिलिटरमागे ७० मिलिग्रॅमपेक्षा खाली उतरली म्हणजे सावध व्हावयाचे असते आणि ५४ च्या खाली ती गंभीर मानली जाते. घाम, थरथर, छातीत धडधड, अचानक लागलेली भूक ही प्रारंभीची लक्षणे. त्यापुढे बोलणे अडखळते, माणूस चिडतो, गोंधळतो, झोकांड्या खातो. रस्त्याच्या कडेला असा माणूस दिसला तर तो दारू प्यालेला आहे, असा समज करून लोक पुढे निघून जातात. साखर उतरलेल्या माणसाच्या जिवावर हा गैरसमज बेतू शकतो. ज्यांचा मधुमेह जुना आहे अशा काही रुग्णांच्या बाबतीत तर ही पूर्वलक्षणे जाणवेनाशी होतात, आणि रक्तदाबासाठी दिली जाणारी काही औषधेही थरथर आणि धडधड झाकून टाकतात. शरीर स्वतः इशारा देत नाही, तेव्हा तो बाहेरून मिळावा लागतो.

त्यासाठी सतत ग्लुकोज मोजणारे उपकरण वापरले जाते. अशा पहिल्या उपकरणाला अमेरिकेत १९९९ मध्ये मान्यता मिळाली. दंडावर किंवा पोटावर चिकटविलेल्या लहान संवेदकाचा केसासारखा बारीक तंतू त्वचेखाली राहतो आणि पेशींभोवतीच्या द्रवातील साखर दर काही मिनिटांनी मोजतो. आकडा मोबाईलवर दिसतो, त्याच्यासोबतचा बाण साखर चढते आहे की उतरते आहे हे दाखवितो, आणि ठरविलेली मर्यादा ओलांडली की गजर होतो. काही उपकरणे साखर धोकादायक पातळीवर पोहोचण्यापूर्वी सुमारे वीस मिनिटे इशारा देतात. हाच गजर दूर असलेल्या नातेवाइकाच्या फोनवरही वाजू शकतो.

या साधनाला मर्यादाही आहेत. पेशींभोवतीच्या द्रवातील साखर रक्ताच्या मागे काही मिनिटे असते. म्हणून लक्षणे एक सांगत असतील आणि आकडा दुसरे सांगत असेल, तर बोटातून रक्ताचा थेंब घेऊन खात्री करावी लागते. झोपेत संवेदकावर भार पडला, तर साखर उतरल्याचा खोटा गजर होऊ शकतो. संवेदक साधारण दोन आठवडे टिकतो आणि त्याची किंमत काही हजार रुपये असते, त्यामुळे सर्वसामान्य कुटुंबाला तो सतत वापरणे परवडत नाही. ज्यांना तो परवडतो त्यांच्यापुढेही एक प्रश्न असतो. मर्यादा अविचाराने ठरविल्या तर दिवसातून पंधरा-वीस वेळा गजर वाजतो, माणूस वैतागून तो बंद करतो, आणि नेमक्या रात्री इशारा मिळत नाही. मर्यादा कोठे ठेवावयाच्या, हे डॉक्टरांनी त्या रुग्णाचे वय, औषध आणि पूर्वानुभव पाहून ठरविणे आवश्यक आहे.

गजर वाजल्यावर काय करावयाचे, हे माहीत नसेल तर उपकरणाचा उपयोग नाही. रुग्ण शुद्धीवर असेल आणि गिळू शकत असेल, तर सुमारे १५ ग्रॅम ग्लुकोज किंवा साखर, म्हणजे साधारण तीन-चार लहान चमचे, पाण्यात विरघळवून द्यावी. पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासावे, साखर कमीच असेल तर पुन्हा तितकीच द्यावी, आणि सुधारल्यावर थोडे खायला द्यावे. रुग्ण बेशुद्ध असेल तर तोंडातून काहीही घालू नये. ते श्वासनलिकेत जाण्याचा धोका असतो. त्याला एका कुशीवर वळवून तातडीने १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवावी.

शिक्षकांच्या दृष्टीने हा विषय विशेष निकडीचा आहे. लहानपणी होणाऱ्या पहिल्या प्रकारच्या मधुमेहात मुलाला इन्सुलिनवाचून पर्याय नसतो. कवायतीच्या किंवा खेळाच्या तासानंतर त्याची साखर उतरू शकते, आणि वर्गात हे मूल अचानक गप्प होते, चिडते किंवा सोपे गणित चुकते. त्याला शिक्षा न करता साखर देणे हे त्या क्षणी शिक्षकाचे काम असते. केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाने २०१७ मध्ये दहावी-बारावीच्या मधुमेही विद्यार्थ्यांना परीक्षागृहात खाण्याचे पदार्थ जवळ ठेवण्याची परवानगी दिली, ती याच कारणाने. मुलाच्या दंडावरील संवेदकाचा गजर आईच्या फोनवर वाजला तरी आई शेतावर किंवा कचेरीत असते; जवळ असतात ते शिक्षकच.

सूचनेमागची व्यवस्था

तत्काळ इशाऱ्याची उपकरणे महाग असली, तरी पहिल्या दोन प्रकारच्या सूचना कोणत्याही गावाला परवडण्यासारख्या आहेत. त्यांचा पाया अचूक नोंदवही हा आहे. ३० वर्षांवरील सर्व स्त्री-पुरुषांची मधुमेह, रक्तदाब आणि काही प्रकारच्या कर्करोगांसाठी तपासणी करण्याचा कार्यक्रम देशभर राबविला जात आहे. आशा कार्यकर्ती घरोघरी जाऊन प्रश्नावली भरते, उपकेंद्रात तपासणी होते आणि आढळलेल्या रुग्णाची नोंद संगणकीय प्रणालीत केली जाते. या नोंदीत रुग्णाचे औषध, पुढची तारीख आणि चालू असलेला दूरध्वनी क्रमांक अचूक असेल, तरच सूचना योग्य माणसाला योग्य वेळी जाते. क्रमांक चुकीचा असला तर उत्तम रीतीने लिहिलेला संदेशही वाया जातो.

संदेश गेला आणि रुग्ण आला नाही, तर पुढे काय, हा त्यानंतरचा प्रश्न आहे. या बाबतीत रक्तदाब नियंत्रणाचा अनुभव मार्गदर्शक आहे. केंद्रीय आरोग्य मंत्रालय, भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद आणि जागतिक आरोग्य संघटना यांनी २०१७ च्या अखेरीस पाच राज्यांत सुरू केलेल्या उपक्रमात महाराष्ट्रातील भंडारा, वर्धा, सातारा आणि सिंधुदुर्ग हे जिल्हे पहिल्या टप्प्यात होते. भेटीची तारीख उलटून गेलेल्या रुग्णांची यादी काढावयाची, त्यांना दूरध्वनी करावयाचा आणि तरीही न आलेल्याच्या घरी जावयाचे, हा या उपक्रमाच्या पद्धतीचा गाभा आहे. मधुमेहासाठीही हाच क्रम लागू पडतो. पहिली आठवण यंत्राने द्यावी, दुसरी दूरध्वनीवरून परिचारिकेने द्यावी आणि तिसरी दारात उभे राहून आशा कार्यकर्तीने द्यावी. न येण्याचे खरे कारण बहुधा या तिसऱ्या पायरीवर कळते. मजुरी बुडते, केंद्रात मागच्या वेळी गोळ्याच नव्हत्या, सून माहेरी गेल्याने सोबत कोणी नाही, अशी ती कारणे असतात. गोळ्या शिल्लक नसताना 'गोळ्या घेऊन जा' असा संदेश गेला, तर पुढच्या दहा संदेशांवरचा विश्वास उडतो. म्हणून औषधसाठा आणि सूचना यांची सांगड घालणे हे प्रशासनाचे कर्तव्य ठरते.

कामासाठी गाव सोडणाऱ्यांच्या बाबतीत ही साखळी तुटते. बीड जिल्ह्यातील ऊसतोडणी कामगार दिवाळीच्या सुमारास पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात आणि गाळपाचा हंगाम संपल्यावर परततात. गावचे आरोग्य केंद्र त्यांना तारखांची आठवण देत राहते, आणि ते असतात तीनशे किलोमीटरवरच्या फडात. अशा रुग्णाला निघण्यापूर्वी पुरेशी औषधे, उपचाराचा कागद आणि ज्या भागात तो जाणार आहे तेथील आरोग्य केंद्राची माहिती मिळणे, ही त्याच्यासाठी योग्य अशी व्यक्तिगत सूचना होईल. 'आभा' हा चौदा अंकी आरोग्य खाते क्रमांक रुग्णाच्या संमतीने त्याच्या नोंदी एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी नेण्यासाठी आहे. या कामगारांइतकी त्याची गरज क्वचितच दुसऱ्या कोणाला असेल.

फोन कोणाच्या हाती?

२०१९ ते २०२१ या काळातील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार १५ ते ४९ वयोगटातील सुमारे ५४ टक्के स्त्रियांकडेच स्वतः वापरता येईल असा मोबाईल होता. याचा अर्थ, घरात फोन असला तरी तो अनेकदा पतीच्या किंवा मुलाच्या खिशात असतो. आईच्या इन्सुलिनची आठवण सकाळी आठ वाजता मुलाच्या फोनवर येते, तेव्हा तो एस.टी.त असतो. चेन्नईच्या ज्या अभ्यासाचा वर उल्लेख केला, तो केवळ पुरुषांवर झाला होता, हे येथे विसरून चालणार नाही. नोंदणी करतानाच 'हा फोन दिवसा कोणाजवळ असतो?' हा एक प्रश्न विचारला, तर अर्धी अडचण दूर होऊ शकते.

वृद्ध आणि निरक्षर रुग्णांसाठी अक्षरांपेक्षा आवाज उपयोगी आहे. त्यातही वऱ्हाडी, अहिराणी, मालवणी किंवा गोंडी बोलणाऱ्या रुग्णाला त्याच्या कानाला सवयीच्या बोलीत सांगितलेले चटकन समजते. संदेशात एका वेळी एकच कृती सांगावी. 'आहारावर नियंत्रण ठेवा' यापेक्षा 'आज रात्री भात अर्धी वाटी घ्या, उरलेली भूक पालेभाजीने भागवा' हे करण्याजोगे असते. औषधाचे प्रमाण वाढविण्या-कमी करण्याचा सल्ला मात्र संदेशातून परस्पर देऊ नये. तो उपचार करणाऱ्या डॉक्टरांचाच अधिकार आहे. उपचार बदलावयाचे तर संदेशाने रुग्णाला डॉक्टरांकडे पाठवावे, आणि तेथे संपर्क साधण्याचा क्रमांक त्याच संदेशात असावा.

गुप्ततेचा प्रश्नही नाजूक आहे. लग्न ठरावयाच्या मुलीचा आजार शेजाऱ्याच्या हाती असलेल्या फोनवर उघड झाला, तर त्या एका संदेशाने झालेले नुकसान भरून येत नाही. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा २०२३ मध्ये संमत झाला. माहिती ज्याची, त्याची संमती घेऊनच तिचा वापर करावा, हे त्याचे मूलतत्त्व आहे. गावपातळीवर त्याचा सरळ अर्थ असा की, रुग्णाला विचारल्यावाचून त्याचे नाव यादीवर लावू नये, ग्रामसभेत वाचू नये आणि गावच्या मोबाईल गटावर टाकू नये. मधुमेहींची यादी आरोग्य कर्मचाऱ्यांजवळ असावी. पंचायतीजवळ फक्त संख्या असली तरी नियोजनाला पुरेशी आहे.

पंचायत आणि शाळा यांचे कार्य

ग्राम आरोग्य, पोषण आणि स्वच्छता समितीच्या बैठकीत दर महिन्याला चार आकडे विचारले जावेत : गावात नोंदलेले मधुमेही किती, या महिन्यात भेटीला यावयाचे होते किती, आले किती, आणि न आलेल्यांपैकी किती जणांशी प्रत्यक्ष संपर्क झाला. या चार आकड्यांतून नावे उघड न होता कामाची खरी स्थिती कळते. गोळ्या किंवा ग्लुकोमीटरच्या पट्ट्या संपल्या असतील, तर तालुका आरोग्य अधिकाऱ्यांकडे लेखी पाठपुरावा करणे हे सरपंचांचे काम आहे. आषाढी, श्रावण, नवरात्र आणि रमजान यांच्या पंधरवडाभर आधी गोळ्या किंवा इन्सुलिन घेणाऱ्या रुग्णांनी समुदाय आरोग्य अधिकाऱ्यांना भेटावे, अशी व्यवस्था समिती करू शकते.

शाळेत मधुमेही मूल असेल, तर त्याच्या पालकांशी बोलून वर्गशिक्षक, क्रीडाशिक्षक आणि मुख्याध्यापक यांना साखर उतरल्याची लक्षणे माहीत असावीत. कपाटात ग्लुकोजची पुडी आणि भिंतीवर रुग्णवाहिकेचा क्रमांक असावा. आठवी-नववीतील मुले आजी-आजोबांच्या फोनवर आलेला संदेश मोठ्याने वाचून दाखवितात, त्यांच्या गोळ्यांची वेळ लक्षात ठेवतात; विज्ञानाच्या तासाला एवढी गोष्ट शिकविली, तरी अनेक घरांतील सूचना ऐकली जाईल.

प्रारंभी ज्या तीन मधुमेहींचा उल्लेख केला, त्यांच्या गावात ही व्यवस्था असेल तर एकादशीच्या पंधरा दिवस आधीच त्यांना वेगवेगळे निरोप गेलेले असतील. मेटफॉर्मिन घेणाऱ्याला साबुदाण्याऐवजी थोडी भगर आणि दही-काकडीची कोशिंबीर सुचविलेली असेल. ग्लिमेपिराइड घेणाऱ्या बाईला उपवासाच्या दिवशीच्या गोळीविषयी डॉक्टरांना आधी विचारण्याची आठवण मिळाली असेल आणि तिच्या पदराला साखरेची पुडी बांधलेली असेल. इन्सुलिन घेणाऱ्याच्या घरी आशा कार्यकर्ती स्वतः जाऊन आली असेल, कारण त्याचा फोन मुलाजवळ पुण्याला असतो, हे तिला नोंदवहीतून कळले असेल. तिघेही संध्याकाळी विठ्ठलाच्या देवळात कीर्तनाला बसलेले असतील.